झेंडूखालचा देश

१

निर्यात हा राष्ट्राचा श्वास असतो, असं 'भूगर्भ वेल सर्व्हिसेस'च्या गेटवर ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं. त्याखाली खडूने लिहिलेलं होतं : 'गेट अडकले आहे, मागून यावे.'

नागापूर एमआयडीसीतली ही कंपनी तेलविहिरींच्या तोंडावरचे व्हॉल्व्ह दुरुस्त करून, दाबाखाली तपासून द्यायची. मालक राधाकृष्ण म्हस्के, म्हणजे सगळ्यांचे नाना. त्यांनी सुरुवात केली होती पाण्याच्या बोअरच्या पंपांपासून. ज्याने नगर जिल्ह्यात सहाशे फूट भोकं पाडून धुरळा काढलाय, त्याला तेलाच्या धंद्यात घाबरण्यासारखं काही वाटत नाही. पंचवीस वर्षांत कंपनीचा माणूस गुजरातेत आणि आसामात पोचला होता. आता देशाबाहेर जायचं नक्की होतं. कुठल्या देशात, एवढंच ठरायचं बाकी होतं.

ते ठरवणारी फाईल शुक्रवारी सकाळी दहा वाजता गायब झालेली सापडली.

बैठकीच्या हॉलमधल्या लांब टेबलावर बुधवारची खंडेनवमीची पूजा तशीच मांडलेली होती. दसऱ्याच्या आत पूजेतली वस्तू हलवायची नाही, हा नानांचा नियम. दसरा आला होता गुरुवारी आणि कंपनीची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारचीच, त्यामुळे एक सुट्टी फुकट गेल्याचं दुःख अजून सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. पांढऱ्या चादरीवर स्पॅनर, टॉर्क रेंच, दाब मोजायची छोटी गेजं, एक लॅपटॉप, दोन कॅल्क्युलेटर ओळीने बसले होते. मधोमध पितळी कडीचं मास्टर गेज. त्याच्या शेजारी झेंडूचा भलामोठा ढीग, आणि ढिगाखाली फाईल. निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

"धवल, काढ फाईल," नाना म्हणाले.

धवल काकडे, नानांचा भाचा आणि मार्केटिंगचा प्रमुख, याने दोन्ही हातांनी झेंडू बाजूला सारला. खाली चादर होती. चादरीवर हळदीच्या पाण्याचे वाळलेले पिवळे डाग होते आणि त्यांत चिकटलेल्या चार-सहा अक्षता. फाईल नव्हती.

"बुधवारी संध्याकाळी हॉल कुणी बंद केला?" धवलने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याने विचारलं.

"मी," निकिता ठाणगे म्हणाली. सव्वीस वर्षांची ही मुलगी तीन महिने खपून ती फाईल लिहून बसली होती.

"आणि सुप्याच्या कंपनीत इंटरव्ह्यूला कोण गेलं होतं? जी कंपनी आपलंच काम करते, तिच्यात?"

धवलने खिशातून फोन काढला. "मामा, मी पोलिसांना बोलावतो."

"पोलीस न्हाई!" नाना एवढ्या जोरात म्हणाले की समईजवळची उदबत्तीची राख पडली. मग त्यांनी आवाज खाली घेतला. "घरातली गोष्ट हाय. गंधेबाई, चोवीस वर्षं तुमी या कंपनीतल्या गळत्या शोधताय. ही बी शोधा."

नीलांबरी गंधे, क्वालिटी विभागाच्या प्रमुख, टेबलाच्या टोकाला उभ्या होत्या. वय बावन्न, गळ्यात चष्म्याची साखळी, हाताला साबणाचा वास. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. निर्यात परिषदेच्या परिपत्रकाची झेरॉक्स तीन आठवड्यांपासून तिथे चिकटवलेली होती आणि शेवटच्या तारखेखाली लाल शाईची रेघ होती. आज, संध्याकाळी पाच. देश नोंदवून कागद जोडले नाहीत तर पुढची संधी वर्षाने.

धवल बाहेर गेला आणि पाच मिनिटांत एक टाइप केलेला कागद घेऊन आला. तो त्याने निकितासमोर ठेवला. राजीनामा होता. कारणाच्या जागी 'गोपनीय दस्तऐवज गहाळ केल्याबद्दल' असं लिहिलं होतं.

"पाचपर्यंत फाईल आली तर ठीक," तो म्हणाला. "नाहीतर सही कर. सही केली नाहीस तर मग मामा काहीही म्हणोत, मी चौकीत जाणार."

निकिताने कागद वाचला. असा कागद घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला नागापूरपासून सुप्यापर्यंत एकही गेट उघडत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नानांनाही. पण नाना खिडकीबाहेर बघत होते.

२

गळती शोधायची नीलांबरीबाईंची पद्धत साधी होती. व्हॉल्व्हमध्ये दाब भरायचा, वाट बंद करायची आणि दहा मिनिटं काट्याकडे बघत गप्प बसायचं. गळका असेल तर काटा आपणहून खाली येतो. माणसांना त्या एकच प्रश्न विचारत आणि मग तसंच गप्प बसत. माणसं व्हॉल्व्हपेक्षा हलक्या दर्जाची असतात, असा त्यांचा चोवीस वर्षांचा अनुभव होता. फार थोडी दहा मिनिटं टिकतात.

टेस्टिंग शेडमध्ये त्यांनी निकिताला स्टुलावर बसवलं. "फाईलमध्ये काय होतं?"

निकिता दीड मिनिट टिकली.

"ताई, फाईलची एकच प्रत. दोन वर्षांमागं टेंडरमधला आपला दर बाहेर फुटला होता ना, म्हणून नानांनी माझ्या कॉम्प्युटरचं नेटच काढून घेतलं. पेन ड्राइव्ह न्हाई, ईमेल न्हाई. माहिती प्रिंट काढून आणायची, टाइप करायचं, छापायचं, मग सगळं पुसून टाकायचं. मूळ कागद, सह्यांची पत्रं, सगळं त्याच फाईलला. तीन महिने मी जगातल्या तेलाचा अभ्यास केला, नेट नसताना."

"आणि?"

"सगळे आधी हेच विचारतात, तेल कुठं जास्त हाय." तणावात ती गावाकडचं बोलायला लागायची. ती हिवरे बाजारची, म्हणजे जिथे शेतीला बोअर घ्यायला ग्रामसभेने बंदी केली आहे तिथली. भोकांवर चालणाऱ्या कंपनीत तिला कामाला ठेवल्याबद्दल नाना स्वतःलाच टोमणे मारायचे. "आपल्याला काय तेल विकायचंय का? आपल्याला म्हाताऱ्या विहिरी पायजेत. तीस-चाळीस वर्षं झालेल्या, व्हॉल्व्ह कुरकुरायला लागलेल्या. नव्या विहिरीवर नवे व्हॉल्व्ह, तिथं आपल्याला कोण विचारतंय? दुसरं बघायचं ते हे, की नवख्याला दारात उभं करतात का, का सगळं काम तिथल्याच माणसांना द्यायचा कायदा हाय. आणि बिघाड झाला तर आपला माणूस न् पार्ट दोन दिवसांत पोचतो का. असं करत तीन देश उरले. गयाना, कझाकस्तान आणि ओमान."

"त्यातला कुठला?"

"मीटिंगच्या आधी नाव तोंडातून काढायचं न्हाई, अशी नानांनी देवीसमोर शपथ घ्यायला लावली."

"मीटिंग झाली. फाईलशिवाय झाली, पण झाली."

निकिताने सुस्कारा सोडला. "ओमान. शेवटच्या पानावर. खाली एक अट हाय, पण ती किरकोळ."

"कसली अट?"

"अर्जाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी मास्टर गेजचं सर्टिफिकेट चालू पाहिजे. त्याशिवाय तिथं आपल्या दाब-तपासणीला कागदाची किंमत न्हाई. पण त्याचं काय, गेज तर मंगळवारीच पुण्याला गेलं ना? वेळापत्रकात तसंच होतं. पूजेत मांडलंय ते दुसरं असणार."

नीलांबरीबाईंनी बोटांवर दिवस मोजले.

कंपनीतलं प्रत्येक गेज ज्या एका गेजवरून तपासतात ते मास्टर गेज. त्याला वर्षातून एकदा पुण्याच्या प्रयोगशाळेत नेऊन तीन दिवसांत नवं सर्टिफिकेट आणायचं असतं. जुन्याची मुदत काल, दसऱ्याला संपली होती. मंगळवारी बाई मोहटादेवीला गेल्या होत्या, रजेवर. बुधवारी परत येऊन पाहिलं तर गेज जागेवरच. पूजेला ठेवलंय, असं कुणीसं म्हणालं आणि बाईंनी मान डोलावली. खंडेनवमीला मास्टर गेज पूजेत नसावं, असं नगरमध्ये कुणाच्या मनातही येत नाही. कुणी ठेवायला सांगितलं, हेही कुणाला विचारावंसं वाटत नाही.

"निकिता," त्या म्हणाल्या, "गेज पुण्याला गेलेलं नाही. ते आत्ता हॉलमध्ये कुंकू लावून बसलंय."

३

सुश्रुत जोशी हा कमर्शियल मॅनेजर. बुधवारची पूजा त्याने सांगितली होती, कारण गुरुजींना त्या दिवशी अकरा कारखाने होते आणि कंपनीत आडनावाने जोशी एकटा हाच होता.

"एमकॉम आहे हो मी," तो बसता बसता म्हणाला. "आमच्याकडे पंचांगसुद्धा वडिलांनंतर कुणी उघडलं नाही."

"पूजेआधी तुम्ही हॉलमध्ये केव्हा गेलात?" बाईंनी विचारलं आणि गप्प बसल्या.

बुधवारचा क्रम सगळ्यांना पाठ होता. साडेनऊला टेबलावर मांडामांड झाली. निकिताने मंगळवारीच देऊन ठेवलेली फाईल लाल दोरीने बांधून गेजशेजारी ठेवली, ते बाईंनी स्वतः पाहिलं होतं. पावणेदहाला सगळे आधी पिकअप गाडीची पूजा करायला गेटजवळ गेले. सव्वादहाला परत हॉलमध्ये. त्या अर्ध्या तासात कोण ना कोण आत जाऊन येत होतं.

दुसऱ्याच मिनिटाला सुश्रुतचा काटा पडायला लागला. "मॅडम, खरं सांगतो, मी निम्मी पूजा गाळली. मोबाईलवर पुस्तक उघडलं होतं, मधेच जाहिरात आली, मग कुठे होतो ते सापडेना. त्यात धुराने डोळे चुरचुरत होते म्हणून चष्मा काढलेला. हळदीचं पाणी शिंपडा म्हटलं की शिंपडायचो, अक्षता म्हटलं की टाकायचो. समोर काय होतं म्हणाल तर सगळं पिवळं."

"मी वेळ विचारली."

"दहा वाजून पाच. मोबाईल चार्जरला लावला होता, तो घ्यायला गेलो. तेव्हा चष्मा होता. गेजशेजारी कुणीतरी फुलांची छान आरास केली होती, हा एवढा ढीग. मला वाटलं, तुम्हीच केलीत."

"मी नाही केली."

"मग धवलने. त्याला देश गयाना पाहिजे होता, माहितीये ना? मी म्हणत होतो ओमान. मुंबईहून बोटीने माल जातो, विहिरी जुन्या आहेत. तो म्हणाला, जोशी, तुमचं स्वप्न अरबी समुद्राच्या पुढे जातच नाही. मी म्हटलं, जावं कशाला?"

धवल काकडे चार मिनिटं टिकला. त्यातली दोन तो फोनकडे बघत होता, म्हणून बाईंनी ती धरली नाहीत.

"गयाना म्हणजे फ्युचर आहे, मॅडम," तो एकाएकी म्हणाला. "समुद्रात तेल सापडलंय, रोज नवी विहीर."

"नवी विहीर, नवे व्हॉल्व्ह," बाई म्हणाल्या. "आपण काय करायचं तिथे?"

"ती पण हेच म्हणाली होती." धवलचा चेहरा उतरला. "बघा, मी फाईल वाचलेली नाही. मला वाचायची गरज वाटली नाही. सासऱ्यांना सांगून बसलोय, दिवाळीनंतर गयानाला ऑफिस उघडतोय. व्हिजिटिंग कार्डंही छापलीत. पण म्हणून मी फाईल चोरीन?"

"पूजेआधी आत केव्हा गेला होतात?"

"फोटो काढायला. थांबा, स्टेटसला टाकला होता." त्याने बोटाने फोन चाळला आणि त्यांच्यासमोर धरला. "बघा. मी काय लपवतोय का?"

फोटोत पांढरी चादर होती, गेज होतं आणि गेजशेजारी लाल दोरीची फाईल. पूर्ण उघडी. तिच्यावर झेंडूचं एक फूलही नव्हतं. कोपऱ्यात वेळ होती : नऊ अठ्ठावन्न.

बाईंनी चष्मा नाकावर चढवून वेळ पुन्हा वाचली. नऊ अठ्ठावन्नला फाईल होती आणि फुलं नव्हती. दहा पाचला फुलं होती. मधल्या सात मिनिटांत हॉलमध्ये आणखी कुणीतरी गेलं होतं.

"पण फुलं ठेवली म्हणजे फाईल नेली असं थोडंच?" धवल म्हणाला. तो वाटतो तेवढा मठ्ठ नव्हता. "कुणीतरी सजावट केली असेल. फाईल खाली असेलच. संध्याकाळी निकिताने फुलं उचलली, फाईल काढली, फुलं परत ठेवली."

बाई हॉलकडे निघाल्या. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते.

४

फोरमन कानिफनाथ हॉलमध्ये पूजा आवरत होता. पंचावन्नचा, काळा, रुंद माणूस. परदेशात काम लागलं तर विहिरीवर प्रत्यक्ष जाणारा हाच. त्यामुळे देश कुठला असावा हे त्याला सोडून सगळ्यांना विचारण्यात आलं होतं.

"थांबा," बाई दारातूनच म्हणाल्या. "एकेक उचला. सावकाश."

कानिफनाथने टॉर्क रेंच उचलला. चादरीवर हळद-कुंकवाचा सडा पडला होता, पण रेंच होता तिथे रेंचच्या आकाराचा स्वच्छ पांढरा पट्टा राहिला. स्पॅनर उचलला, पांढरा स्पॅनर उमटला. लॅपटॉपखाली पांढरा चौकोन, गेजखाली पांढरं वर्तुळ. चादरीवर सगळ्या वस्तूंच्या पांढऱ्या सावल्या ओळीने पडल्या होत्या.

फाईलच्या जागेला सावली नव्हती. तिथे झेंडूच्या फटींतून झिरपलेलं हळदीचं पाणी थेट कापडावर वाळलं होतं आणि त्यात अक्षता रुतल्या होत्या.

"फाईल फुलांखाली असती," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तर हे पाणी तिच्या पुठ्ठ्यावर पडलं असतं. चादर कोरी राहिली असती."

"व्हय की," कानिफनाथ म्हणाला.

"म्हणजे पहिली हळद पडली त्याच्या आधीच फाईल गेलेली होती. सव्वादहाच्या आत. निकिता बुधवारी केव्हा आली?"

"बाराला. घरी दूध डेअरीच्या मशिनची पूजा करून आली. प्रसाद बी गार झाल्ता."

बाई खुर्चीवर बसल्या. निकिता सुटली होती, पण ते सिद्ध करून भागणार नव्हतं. फाईल कुठे आहे ते सांगता येत नाही तोवर धवल तो कागद मागे घेणार नव्हता.

"कानिफनाथ, मंगळवारी मास्टर गेज पुण्याला का नाही गेलं?" त्यांनी विचारलं आणि गप्प बसल्या.

कानिफनाथही गप्प बसला. पाच मिनिटं गेली. सात गेली. त्याने तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि टेबलावरचा एक स्पॅनर पुसायला घेतला. दहा मिनिटं पुरी झाली, काटा केसभरही हलला नव्हता. इतका उत्तम व्हॉल्व्ह बाईंनी चोवीस वर्षांत पाहिला नव्हता.

"अहो, मी प्रश्न विचारलाय!"

"मला वाटलं, तुमी इचार करताय," तो म्हणाला. "गेज मी डब्यात भरल्यालं. गाडीत ठिवल्यालं. तर नाना आले. म्हनले, मास्टर गेज न्हाई तर खंडेनवमी कसली? बुधवारी पूजा करू, शुक्रवारी धाड. काढलं परत."

"नाना म्हणाले?"

"मंग काय मी म्हननार?"

"आणि बुधवारी गाडीच्या पूजेच्या वेळी हॉलमध्ये कोण कोण गेलं?"

"धवलशेठ फोटू काढाया. मंग नाना, टोपी आनायला. मंग जोशीसाहेब." त्याने स्पॅनर खाली ठेवला. "पर बाई, एक गंमत हाय. नाना टोपी आनायला गेल्ते न् टोपी न घालताच आले. फुलाची पाटी घिऊन गेल्ते, ती बी रिकामी झाल्ती."

बाईंनी चष्मा काढला.

"आन् त्या फ्लेक्सचं बी तसंच," कानिफनाथ म्हणाला. आता तो गळायला लागला नव्हता, कुणीतरी विचारतंय म्हणून मोकळेपणाने बोलत होता. "'नगरचा व्हॉल्व्ह, जगाच्या विहिरीवर!' वीस फुटी. सकाळपास्नं नानांचं चाललंय, पूजा झाली की लगीच गेटवर चढीव. मी शिडी लावली, दोऱ्या बांधल्या. नाना आतनं आले न् म्हनले, ऱ्हाऊ दे, शुक्रवारी बघू. हॉलमंदी पडल्याली गुंडाळी सोता उचलून केबिनमंदी घिऊन गेले. म्या म्हनलं मी नेतो, तर अंगावर आले."

"हे सकाळीच का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलंच न्हाई."

चार वाजायला दहा मिनिटं होती.

५

नानांच्या केबिनमध्ये जगाचा नकाशा होता. तीन देशांवर तीन रंगांच्या टाचण्या होत्या, त्यातली कझाकस्तानची चुकून मंगोलियावर लागली होती. खुर्चीच्या मागे, भिंतीला टेकवून, फ्लेक्सची जाडजूड गुंडाळी उभी होती.

"सापडली का गळती?" नानांनी विचारलं.

"नाना, बुधवारी तुम्ही टोपी आणायला आत गेलात. टोपी कुठे आहे?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गप्प बसल्या.

पहिल्या मिनिटाला नानांनी पेन उचललं. दुसऱ्याला खाली ठेवलं. तिसऱ्या मिनिटाला शेजारच्या कारखान्यात कुठेतरी ग्राइंडर सुरू झाला, आणि तो थांबला तेव्हा केबिन आणखी शांत झाली. चोवीस वर्षं त्यांनी दाब भरला होता तो व्हॉल्व्हमध्ये. मालकात पहिल्यांदाच भरत होत्या, आणि मालक फुटला तर तुकडे कुणाला लागतील हे त्यांना नीट माहीत होतं.

"आलंच असतं ना ध्येनात कुनाच्या तरी," नाना चौथ्या मिनिटाला म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता.

"तुम्ही दोरी सोडून शेवटचं पान वाचलंत."

"दम निघंना, बाई. पंचवीस वर्सं वाट बघितली. म्हनलं, देव बघायच्या आदी मी बघतो. ओमान वाचलं न् ऊर भरून आला. मंग खालची ओळ वाचली." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "मास्टर गेजचं सर्टिफिकेट. आपल्याची मुदत संपती दसऱ्याला. आन् गेज कुनी आडवलं? मी. पूजेपायी. अख्ख्या एमआयडीसीला सांगितल्यालं, शुक्रवारी पेढे. लोकं काय म्हनली असती? म्हस्क्यानं कुंकू लावन्यापायी परदेस घालवला."

"म्हणून फाईलच घालवलीत."

"चोरी झाली म्हनलं की मानूस सुटतो. चोरी कुनाच्या बी घरी व्हती. त्यात आपली अब्रू जात न्हाई."

"नाही जात. दुसऱ्याची जाते."

नाना खाली बघत राहिले. "मी पोरीचं नाव घेतलं न्हाई. धवल्यानं घेतलं."

"तुम्ही खोडलंतही नाही. तो कागद तिच्यासमोर ठेवला तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. बाहेर काही नव्हतं, नाना. मी पाहिलं. पाइपवाल्याची भिंत आहे."

"पोलीस येऊ दिले न्हाईत ना मी?"

"ते तिच्यासाठी की तुमच्यासाठी?"

नाना उठले. वाटलं, आता ओरडणार. त्यांनी फ्लेक्सची गुंडाळी आडवी करून जमिनीवर ठेवली आणि गुडघ्यावर बसून उलगडायला सुरुवात केली. 'नगरचा' आला, 'व्हॉल्व्ह' आला, 'जगाच्या' आला. 'विहिरीवर' येण्याआधी लाल दोरीची फाईल बाहेर पडली.

"आता काय करायचं म्हनता?" त्यांनी खालूनच विचारलं.

"हॉलमध्ये जायचं. आणि जे मला सांगितलंत ते पाचच्या आत सगळ्यांना सांगायचं."

"मालकानं? कामगारांपुढं?"

"नाहीतर मी सांगीन. मग उद्यापासून तुमच्याकडे क्वालिटीचा माणूस नसेल, आणि गेज तर आधीच नाहीये."

सव्वाचार झाले होते. नाना बराच वेळ जमिनीवर, त्या वीस फुटी फ्लेक्सवर बसून राहिले.

६

साडेचारला नाना हॉलमध्ये आले. डोक्यावर टोपी होती.

"फाईल मी घेतल्ती," ते म्हणाले आणि ती टेबलावर ठेवली. "गेज मी आडवलं, सर्टिफिकेट गेलं, त्याची लाज वाटली म्हनून लपिवली. निकिताचा काय बी संबंध न्हाई. धवल, त्यो कागद उचल."

धवलचा हात कागदापर्यंत गेला, पण निकिताने तो आधीच घडी करून पर्समध्ये टाकला होता.

"तो माझ्याकडं राहू द्या," ती म्हणाली. तिचा आवाज हलला नाही, फक्त कान लाल झाले होते. "सुप्याचं ऑफर लेटर कालच आलंय. दोन्ही एका फाईलला लावते. कुठं जायचं ते सोमवारी सांगते. देश निवडायला तीन महिने लावले, कंपनी निवडायला तीन दिवस तरी लागतील."

"सॉरी," धवल म्हणाला. त्याला हा शब्द इंग्रजीतच येत होता.

"मोठ्यानं म्हणा," निकिता म्हणाली. "सकाळी आवाज चांगला होता तुमचा."

"सॉरी!" धवल म्हणाला. कानिफनाथने समाधानाने मान हलवली.

"पोरी," नाना चाचरत म्हणाले, "त्या सुप्यावाल्यांपेक्षा..."

"नाना, सोमवारी."

नानांनी मान खाली घातली. सुश्रुतने घड्याळाकडे पाहिलं. "आता या वर्षी ओमान नाही, हे तरी अधिकृत झालं. सर्टिफिकेट कालच संपलं. गेज आत्ता निघालं तरी पुण्याहून यायला तीन दिवस."

"अर्ज तरी उघडून बघू," निकिता म्हणाली. "कागद नंतर जोडता येत असेल तर. एक दिवस का होईना, मी अजून इथलीच आहे. मला फक्त नेट द्या."

नानांनी कानिफनाथकडे पाहिलं. कानिफनाथ टेबलाखाली वाकला आणि तीन महिन्यांपूर्वी काढलेली केबल त्याने निकिताच्या कॉम्प्युटरला परत जोडली. सगळे तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. चार एक्कावन्नला निर्यात परिषदेचं पोर्टल उघडलं. वरच्या बाजूला लाल अक्षरांत एक ओळ सरकत होती. बाईंनी चष्मा लावला आणि ती मोठ्याने वाचली.

अर्जाची मुदत पंधरा दिवसांनी वाढवण्यात आली होती. सूचना मंगळवारची होती.